लॉफ्टचे इन्सुलेशन: २७० मिलिमीटरच्या पलीकडचे काम

ब्रिटनमधल्या घराच्या लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोकळीत, किती इन्सुलेशन हवे असे कुणालाही विचारले, तर २७० मिलिमीटर हे उत्तर लगेच मिळते आणि ते बरोबरही आहे. मात्र तेवढ्या आकड्यावर समाधान मानून लोक ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या तंतूंच्या लोकरीच्या, गुंडाळ्या वर चढवतात, हात पोहोचेल तिथे पसरतात आणि झडप लावून खाली उतरतात, तेव्हा काम अर्धेच झालेले असते. आम्ही मिडलंड्समध्ये १९३० च्या दशकात बांधलेल्या एका सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या, घरात राहतो. आमच्या लॉफ्टचे काम मी स्वतः केले आणि त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच मराठी कुटुंबांच्या लॉफ्टमध्ये चढून पाहण्याची वेळ आली. पूर्ण जाडीचे इन्सुलेशन असूनही बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरलेली, छपराच्या आतून पाणी ठिबकणारी घरे त्यांत होती. त्या घरांमध्ये लोकर कमी पडली नव्हती. ती अंथरण्याआधी जे करायला हवे होते ते राहून गेले होते, आणि कडा नीट सांभाळल्या गेल्या नव्हत्या. म्हणून जाडीचा आकडा गृहीत धरून उरलेल्या गोष्टींविषयी सविस्तर लिहीत आहे.

इथल्या बहुतेक घरांची रचना सारखीच असते. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांचे सपाट छत आडव्या लाकडी तुळयांना खालून ठोकलेले असते. या तुळयांना इथले सुतार जॉइस्ट म्हणतात. त्यांच्या वर तिरके वासे, वाशांवर फेल्टचा थर आणि त्यावर कौले असतात. मधली त्रिकोणी पोकळी म्हणजे लॉफ्ट. तिथे राहण्याची खोली करायची नसेल, तर इन्सुलेशन खाली छतावर अंथरायचे, वाशांच्या मध्ये नाही. याचा अर्थ असा, की उष्णतेच्या दृष्टीने घर छतापाशी संपते आणि लॉफ्ट ही बाहेरची, थंड जागा ठरते. पुढची सगळी पथ्ये यातूनच निघतात: छताखालची ऊबदार, ओलसर हवा वर येता कामा नये, आणि छतावरच्या पोकळीत बाहेरच्या हवेची ये-जा थांबता कामा नये.

आधी उष्णतेचा हिशेब मांडतो, कारण तो मांडल्याशिवाय कडांचे महत्त्व लक्षात येत नाही. आतबाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निसटते, त्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. इन्सुलेशन अजिबात नसलेल्या छताची यू-व्हॅल्यू साधारण २.३ धरतात, १०० मिलिमीटर ग्लासवूल असेल तर ०.४ आणि २७० मिलिमीटर असेल तर ०.१६. चाळीस चौरस मीटरचे छत, आत २० अंश आणि बाहेर ५ अंश असा हिवाळ्यातला नेहमीचा दिवस घेतला, तर पहिल्या छतातून सुमारे १,३८० वॅट, दुसऱ्यातून २४० वॅट आणि तिसऱ्यातून ९६ वॅट उष्णता जाते. पहिल्या १०० मिलिमीटरने सर्वांत मोठा फरक पडतो, हे खरेच आहे. तरी पुढचे १७० मिलिमीटर आणखी १४४ वॅट वाचवतात, म्हणजे तसे तापमान दिवसरात्र राहिले तर रोजचे जवळजवळ साडेतीन युनिट.

आता या तिसऱ्या, उत्तम इन्सुलेशन असलेल्या छताचा फक्त पाच टक्के भाग उघडा राहिला असे समजू. वर चढण्याची झडप, दिव्यांभोवती मोकळी सोडलेली वर्तुळे, दोन पट्ट्यांमधल्या फटी, भिंतीपाशी आखूड पडलेली कड, असे सगळे मिळून दोन चौरस मीटर सहज होतात. त्या दोन चौरस मीटरमधून ६९ वॅट जातात आणि उरलेल्या अडतीस चौरस मीटरमधून ९१ वॅट. एकूण उष्णता ९६ वॅटवरून १६० वॅटवर गेली. फटींमधून जी ऊबदार हवा प्रत्यक्ष वर निघून जाते, तिचा या हिशेबात समावेशही नाही. वरून आणखी १०० मिलिमीटर लोकर टाकली तरी हे नुकसान भरून निघत नाही, कारण भोके तशीच राहतात.

जुन्या घरात लॉफ्टमध्ये काही ना काही आधीपासून अंथरलेले असते. १९६५ च्या बांधकाम नियमांत छपरासाठी यू-व्हॅल्यूची मर्यादा १.४२ होती, म्हणजे आजच्या मानाने जवळजवळ काहीच नाही. पुढे १९७८ च्या होम्स इन्सुलेशन अ‍ॅक्टनुसार लॉफ्टसाठी सरकारी अनुदान मिळू लागले, आणि त्या काळात अंथरलेली, आता दबून चपटी झालेली लोकर अजूनही अनेक घरांत सापडते. ती कोरडी असेल, उंदरांनी घाण केलेली नसेल, तर फेकून देण्याचे कारण नाही. तिच्यावरच भर घालता येते. पण भर घालण्यापूर्वी ती एकदा उचलून पाहावीच. जिथे खालून हवा वर येत असते, तिथे ती हवा गाळणीसारखी लोकरीतून गाळली जाते आणि तिच्यातली धूळ-काजळी लोकरीत अडकते. आमच्या लॉफ्टमध्ये पिवळी लोकर बाजूला केली, तेव्हा तिच्या खालच्या अंगाला काळपट डाग दिसले आणि प्रत्येक डागाच्या बरोबर खाली काही ना काही निघाले: एका ठिकाणी भिंतीतून वर आलेल्या वायरींचे भोक, एका ठिकाणी गरम पाण्याच्या नळाभोवतीची दोन बोटे रुंदीची फट, तर एका ठिकाणी काढून टाकलेल्या दिव्याचे तसेच राहिलेले छिद्र. गळती शोधण्यासाठी यापेक्षा चांगला नकाशा मिळणार नाही, म्हणून ती लोकर घाईने गोळा करून पिशवीत भरू नये.

ही भोके बुजवणे हे पहिले काम, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. बारीक फटींना अ‍ॅक्रिलिक सीलंट चालते. मोठ्या भोकावर प्लास्टरबोर्डचा तुकडा बसवून त्याच्या कडा सीलंटने बंद कराव्यात. लोकरीचा बोळा कोंबून काम झाले असे मानू नये, कारण ग्लासवूल उष्णता अडवते, हवा अडवत नाही. आतल्या भिंतींचे माथे, बाथरूममधून वर जाणारा सांडपाण्याचा जाड पाइप, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटाचे छत या जागा हमखास उघड्या असतात. बॉयलरची धुराची नळी लॉफ्टमधून जात असेल, तर तिच्याभोवती आपण काहीही न करता ते काम गॅसच्या नोंदणीकृत तंत्रज्ञाकडे सोपवावे.

भोके बुजवण्यावर एवढा भर देण्याचे कारण फक्त उष्णता नाही. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते; ५ अंशांच्या हवेत सुमारे ७ ग्रॅमच मावते. खोलीतली आर्द्रता साठ टक्के असेल, तर प्रत्येक घनमीटर हवेत दहा ग्रॅमच्या आसपास वाफ असते. ती हवा फटीतून थंड लॉफ्टमध्ये गेली, की जास्तीच्या तीन ग्रॅमचे पाणी होऊन ते फेल्टवर, वाशांवर आणि लोकरीवर बसते. इन्सुलेशन वाढवल्यावर खालची उष्णता वर जात नसल्यामुळे लॉफ्ट पूर्वीपेक्षा अधिक थंड होतो, म्हणून पूर्वी कधी न दिसलेले पाणी नव्या इन्सुलेशननंतरच्या पहिल्या हिवाळ्यात दिसू लागते. लोकर टाकल्यामुळे घर ओल धरू लागले, अशी तक्रार त्यातूनच येते. खरे तर ओल आधीपासून वर जात होती, फक्त गरम लॉफ्टमध्ये ती दिसत नव्हती.

आपल्या घरांना ही गोष्ट जास्त लागू पडते, असे मला मनापासून वाटते. कुकरच्या शिट्ट्या, भात आणि वरण, तासभर उकळणाऱ्या कडधान्याच्या उसळी, सकाळी एकामागून एक होणाऱ्या गरम पाण्याच्या अंघोळी, थंडीमुळे घरातच वाळत घातलेले कपडे, आणि आईवडील सहा महिन्यांसाठी येऊन राहिले की त्यात पडणारी भर, हे सगळे मिळून घरातली वाफ बरीच वाढते. स्वयंपाकघरातला हूड बाहेर हवा फेकणारा आहे की तीच हवा गाळून पुन्हा आत सोडणारा, हे एकदा तपासावे. बाथरूमच्या पंख्याची नळी लॉफ्टमध्ये चढून कुठे जाते, हे तर आवर्जून पाहावे. इंग्लंडच्या नियमांनुसार बाथरूमच्या पंख्याने सेकंदाला १५ लिटर हवा खेचली पाहिजे, म्हणजे पंधरा मिनिटांच्या अंघोळीत साडेतेरा घनमीटर दमट हवा. ती नळी लॉफ्टमध्येच उघडी सोडलेली मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिली आहे, आणि तिथे नळीच्या तोंडासमोरचे वासे काळे पडलेले होते. नळी कौलातल्या किंवा वळचणीखालच्या झरोक्यापर्यंत नेऊन बाहेर काढावी, तिच्याभोवतीही इन्सुलेशन गुंडाळावे, आणि आत साचलेले पाणी पंख्यावर न येता बाहेर ओघळावे म्हणून तिला बाहेरच्या दिशेने किंचित उतार द्यावा.

लोकर अंथरण्यापूर्वी आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. तुळयांच्या मध्ये लोकरीऐवजी राखाडी-सोनेरी, अभ्रकासारखे चमकणारे हलके खडे पसरलेले असतील, तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या लिबी इथल्या खाणीतून निघालेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेले होते आणि ती खाण १९९० मध्ये बंद झाली. आपल्या लॉफ्टमधला माल कुठला, हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून तो न हलवता आधी नमुना तपासून घ्यावा. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या घरात जुनी सिमेंटची टाकी किंवा धुराची नळी दिसली, तरी तिला करवत लावू नये. वटवाघळांचा वावर दिसला तर काम थांबवून सल्ला घेणे बंधनकारकच आहे, कारण त्यांना १९८१ च्या कायद्याने संरक्षण आहे. वाशांच्या मध्ये फोम फवारून देतो असे सांगणारे विक्रेते दारावर येतात, त्यांना मी स्पष्ट नकार देण्याचा सल्ला देतो. तो फोम फवारल्यावर आतले लाकूड दिसत नाही, आणि अशा घरांवर कर्ज द्यायला अनेक बँका तयार नसतात.

आता वळचणीकडे येतो, कारण बहुतेक कामे तिथेच बिघडतात. छपराचा उतार जिथे भिंतीवर टेकतो, तिथली जागा इतकी अरुंद असते, की पोटावर झोपून, हात लांब करून काम करावे लागते, आणि म्हणूनच ते टाळले जाते. तिथे दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात. लोकर भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडी पट्टीपर्यंत, म्हणजे वॉल प्लेटपर्यंत पोहोचलीच पाहिजे. आणि त्याच वेळी लोकरीच्या वर, फेल्टच्या खाली, सुमारे ५० मिलिमीटरची पोकळी मोकळी राहिली पाहिजे, कारण त्या वाटेने बाहेरची हवा लॉफ्टमध्ये शिरून पलीकडच्या वळचणीतून बाहेर पडते. आमच्या घरात आधीच्या मालकांनी ज्या कंत्राटदाराकडून काम करून घेतले होते, त्याने लोकर वळचणीत गच्च कोंबली होती. मी ती बाहेर ओढली तेव्हा पुढचा हातभर भाग ओला होता आणि त्याच्यावरचे फेल्ट थेंबांनी भरलेले होते. बोट फिरवल्यावर थेंब एकमेकांत मिसळून वाशावरून खाली ओघळले. एका मित्राच्या घरी नेमके उलटे झाले होते. तिथे लोकर भिंतीच्या अलीकडे वीतभर संपली होती, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला लागून छताचा एक पट्टा उघडाच राहिला होता आणि खाली बेडरूममध्ये त्याच पट्ट्याच्या रेषेत बुरशी धरली होती. ते दरवर्षी रंग देत होते. रंगाने ती जाणार नव्हती, कारण तो पट्टाच खोलीतला सर्वांत थंड भाग होता आणि वाफ तिथेच बसत होती.

या दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे. दोन वाशांच्या मध्ये बसणारे, पन्हळीसारखे वळवलेले प्लास्टिकचे तक्ते मिळतात. त्यांना इथे रोल पॅनेल किंवा रॅफ्टर ट्रे म्हणतात. वाशांमधले अंतर मोजून त्या मापाचे तक्ते घ्यावेत, ते वळचणीत खालपर्यंत सरकवून वाशांना बसवावेत आणि मग लोकर त्यांच्या खालून निर्धास्तपणे वॉल प्लेटवर सरकवावी. तक्त्यामुळे हवेची वाट आपोआप राखली जाते. पंधरा अंशांपेक्षा जास्त उताराच्या छपराला दोन्ही वळचणींच्या संपूर्ण लांबीत १० मिलिमीटरच्या अखंड फटीइतके वायुवीजन लागते. वळचणीखालच्या फळीत झरोके नसतील, तर ती फळी कापून गोल झरोके बसवता येतात. आणि तेही जमत नसेल, तर जुन्या फेल्टचे दोन थर जिथे एकमेकांवर येतात, तिथे थर किंचित उघडे ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चापट चौकटी आतूनच सरकवता येतात. त्या स्वस्त असतात, बसवायला शिडी लागत नाही, आणि ओल्या लॉफ्टमध्ये त्यांनी झालेला बदल मी पाहिला आहे.

एवढे झाल्यावर अंथरण्याचे काम खरोखर सोपे असते. गुंडाळ्या बहुधा ११४० मिलिमीटर रुंदीच्या असतात आणि त्यांना दोन किंवा तीन भागांत फाटतील अशा खुणा असतात. ६०० मिलिमीटर अंतरावरच्या तुळयांना अर्धी आणि ४०० मिलिमीटर अंतरावरच्या तुळयांना एक तृतीयांश रुंदी चपखल बसते. वेष्टन असतानाच बारीक दातांच्या करवतीने त्या खुणेवर कापल्यास सरळ कडा मिळते आणि धूळही कमी उडते. वेष्टन वर नेल्यावरच सोडावे, कारण आतली लोकर कित्येक पटींनी फुगते आणि मग ती झडपेतून जात नाही. पाय फक्त तुळयांवर किंवा त्यांच्यावर आडव्या टाकलेल्या भक्कम फळीवरच ठेवावा. मधले छत माणसाचे वजन पेलत नाही. बारीक धूळ रोखणारा एफएफपी३ मास्क, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच वर जावे. भर उन्हाळ्यात हे काम काढू नये. एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा.

पहिला थर तुळयांच्या मध्ये, तुळयांच्या माथ्याइतका, आणि दुसरा १७० मिलिमीटरचा थर त्यांच्यावरून काटकोनात, ही पद्धत सर्वांना माहीत असते. तिच्यातली खोच पहिल्या थरात आहे. जुनी लोकर दबून पन्नास मिलिमीटरची राहिली असेल आणि तुळई शंभर मिलिमीटरची असेल, तर आधी तुळयांच्या मधली जागा माथ्यापर्यंत भरून घ्यावी. तसे न करता वरचा थर सरळ टाकला, तर दोन थरांमध्ये प्रत्येक तुळईच्या कडेने एक बोगदा तयार होतो, वळचणीतून येणारी थंड हवा त्यातून वाहते आणि वरचा जाड थर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. दुसरा थर आडवा टाकण्याचे कारणही लक्षात ठेवावे: लाकडातून लोकरीपेक्षा जास्त उष्णता जाते, म्हणून तुळयांचे माथे झाकले गेले पाहिजेत. पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या असाव्यात, एकमेकींवर चढवू नयेत आणि दाबूही नयेत. वरून प्लास्टिकचा कागद तर मुळीच पसरू नये. तो थंड बाजूला येतो आणि वाफ त्याच्याखाली अडकते.

झडप हा भाग छोटा असला, तरी तिथे दुर्लक्ष परवडत नाही. साध्या प्लायवूडची अर्ध्या चौरस मीटरची उघडी झडप चाळीस चौरस मीटरच्या उत्तम छताचे नुकसान अठरा टक्क्यांच्या आसपास वाढवते. तिच्या वरच्या बाजूला पीआयआर फोमचा, म्हणजे इन्सुलेशनच्या कडक फोमच्या तक्त्याचा, जाड तुकडा चिकटवावा, चौकटीला सगळीकडून रबरी पट्टी लावावी आणि झडप तिच्यावर दाबून बसावी यासाठी कडी बसवावी. चौकटीभोवती फळ्यांची उभी भिंत केली, तर लोकर पूर्ण जाडीने कडेपर्यंत येते आणि वर-खाली करताना घरंगळून पडत नाही.

लॉफ्टमध्ये थंड पाण्याची टाकी असेल, तर तिच्या चारही बाजू आणि झाकण गुंडाळावे, पण टाकीच्या बरोबर खाली लोकर घालू नये. खालून येणाऱ्या थोड्याशा उबेमुळे कडक थंडीत पाणी गोठत नाही. लॉफ्ट आता अधिक थंड होणार असल्यामुळे तिथले सगळे नळ फोमच्या नळ्यांनी झाकणे गरजेचे होते. वायरींच्या बाबतीत मी जास्त काळजी घ्यायला सांगेन. विजेची वायर अर्ध्या मीटरपेक्षा जास्त लांब इन्सुलेशनमध्ये पूर्ण गाडली गेली, तर तिची वीज वाहण्याची क्षमता निम्मी धरावी असे इथले वायरिंगचे नियम सांगतात. दिव्यांच्या वायरींना ते सहसा खपते; इलेक्ट्रिक शॉवरच्या वायरीला खपेलच असे नाही, कारण साडेनऊ किलोवॅटचा शॉवर चाळीस अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. लांबी पुरत असेल तिथे वायर उचलून लोकरीच्या वर घ्यावी, आणि शॉवरची वायर इलेक्ट्रिशियनला दाखवावी. छतात बसवलेल्या जुन्या हॅलोजन दिव्यांवर लोकर टाकल्यास आग लागण्याचा धोका असतो. ते बदलून, इन्सुलेशनखाली चालतील अशी नोंद असलेले बंदिस्त एलईडी दिवे बसवले, की धोकाही टळतो आणि छतातली तेवढी भोकेही बंद होतात.

मग प्रश्न उरतो सामानाचा, आणि आपल्या घरांत तो मोठा असतो. सूटकेस, गणपतीचे मखर, मोठी पातेली, मुलांची जुनी पुस्तके या सगळ्याला लॉफ्ट हवा असतो, म्हणून लोक तुळयांवर सरळ फळ्या ठोकतात आणि खालची लोकर १०० मिलिमीटरवर दाबून टाकतात. लोकरीत अडकलेली स्थिर हवाच उष्णता अडवते. ती पिळून काढली, की इन्सुलेशनचा गुण निम्म्याहून खाली येतो. यासाठी तुळयांवर उभे करायचे प्लास्टिकचे किंवा धातूचे पाय मिळतात. त्यांच्यावर फळ्या बसवल्या, की लोकर पूर्ण जाडीने खाली राहते, आणि फळीखाली पन्नास मिलिमीटर मोकळी हवाही राखता येते. संपूर्ण लॉफ्टवर फळ्या टाकण्याऐवजी झडपेजवळच्या मधल्या भागातच त्या टाकाव्यात, असे माझे मत आहे. साध्या लॉफ्टच्या तुळया चौरस मीटरमागे सुमारे २५ किलो सामानाच्या हिशेबाने धरलेल्या असतात, म्हणजे विमानात चेक-इन करतो तशी एक भरलेली बॅग. पुस्तकांची खोकी तिथे रचू नयेत.

खर्चाबाबत एक व्यावहारिक मुद्दा आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२७ पर्यंत कंत्राटदाराने माल पुरवून बसवून दिलेल्या इन्सुलेशनवर व्हॅट शून्य आहे; दुकानातून माल आणून स्वतः बसवला, तर नेहमीचा २० टक्के व्हॅट द्यावा लागतो. तरीही ज्याला वर सरपटता येते आणि धुळीचा त्रास नाही, त्याने हे काम स्वतः करावे असे मी म्हणेन, कारण फटी बुजवण्यात आणि वळचणीत झोपून काम करण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा दुसरा कुणी क्वचितच देतो. कंत्राटदार बोलवायचाच असेल, तर फटी कशाने बुजवणार, वळचणीत तक्ते बसवणार का आणि पंख्याची नळी कुठे सोडणार, हे तीन प्रश्न दर ठरण्यापूर्वी विचारावेत, आणि काम संपल्यावर चारही कोपऱ्यांचे फोटो मागावेत. या खर्चाचा उपयोग हिवाळ्यापुरताच नाही. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी इथे ४०.३ अंश तापमानाची नोंद झाली. अशा दिवशी तापलेल्या कौलांची धग वरच्या खोल्यांत उतरू न देण्याचे कामही हीच लोकर करते.

काम झाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात दोन-तीनदा पाहणी करावी. दहिवर पडलेल्या सकाळी रस्त्यावर उभे राहून छप्पर पाहावे: पांढरा थर सगळीकडे सारखा टिकून असेल तर ठीक, आणि एखाद्या जागी तो लवकर विरघळलेला दिसला, तर तिथे खाली फट उरली आहे किंवा लोकर आखूड पडली आहे. मग टॉर्च घेऊन वर जावे आणि फेल्टला हात लावून पाहावा. कडाक्याच्या थंडीनंतर थेंब छपराच्या मोठ्या भागावर, विशेषतः उत्तरेकडच्या उतारावर पसरलेले असतील, तर वळचणीतली हवेची वाट पुन्हा तपासावी. ते एकाच जागी असतील, तर त्या जागेच्या खाली बाथरूम, नळ किंवा दिवा आहे का ते पाहून भोक शोधावे. थंडी नसताना, केवळ पावसानंतर एखादी जागा ओली होत असेल, तर तो वाफेचा प्रश्न नव्हे. तिथले कौल सरकले आहे किंवा चिमणीच्या बुंध्याशी असलेला शिशाचा पत्रा फाटला आहे, आणि त्यासाठी छपराचे काम करणाऱ्याला बोलवावे लागेल. तोपर्यंत त्या जागेवरची लोकर बाजूला करून ठेवावी, म्हणजे ती भिजणार नाही आणि छतावर पाणी कुठे पडते तेही दिसेल.